चार फूट सात इंच

वेंगुर्ल्याच्या डच वखारीत
मी फीत घेऊन शिरलो तेव्हा आत एक म्हैस होती.
तिला माझं काही वाटलं नाही.
भिंती फोडून पिंपळ निघालेला.
जिन्याच्या पायऱ्या अकरा, बारावी आभाळात.
मी लिहिलं : जिना, अपूर्ण.
मग खोडून : जिना, उरलेला.

खात्याला यादी हवी होती.
जुन्या इमारती. लांबी, रुंदी, अवस्था, शेरा.
शेऱ्याचा रकाना दीड बोटाचा,
त्यात मावेल एवढंच बघायचं
हे मी एकोणतीस वर्षांत शिकलो.

दारं मोजली नऊ, म्हणजे नऊ भगदाडं.
लाकूड केव्हाच कुणाच्या चुलीत गेलं असणार.
सातव्याच्या चिऱ्यात मात्र अजून
बिजागरीचे खुंट होते, वरचा आणि खालचा,
मधला मोडलेला.
रुंदी चार फूट सात इंच.
चुन्यात शिंपले दिसत होते,
बोट लावलं तर भुगा हातावर आला, जाड मिठासारखा.

मग बंदर. कचेरीचं कुलूप गंजून
कडीशी एकजीव झालेलं.
खिडकीतून पाहिलं : मोठा तराजू,
एका पारड्यात चिमणीचं घरटं,
दुसरं रिकामं,
काटा तरी मधोमध.
चढावरच्या बंगल्यात कुणी साहेब राहायचा म्हणे.
आता तिथे काजूची टरफलं वाळत टाकलेली
आणि एक पोरगी, काळ्या बोटांची,
मला विचारते, "पाडतलास?"
नाही, म्हटलं, नुसतं मोजतो.
"मगे कित्याक मोजतास?"

याचा रकाना नव्हता.

दिवस बुडताना इनास लोबोच्या बारात टेकलो.
पाटीवरचा 'बार' उरलाय, आधीचं नाव खाऱ्या वाऱ्याने नेलं.
चार टेबलं, एक मांजर, भिंतीवर सायबिणीची तसबीर,
तिच्यापुढे लाल दिवा, त्याच्याखाली बर्फाची पेटी.
चैत्र. हुर्राकचा वास दारापर्यंत आलेला,
लिंबू, मीठ, चिरलेली मिरची.
गिरप पोस्टमन, निवृत्त, कोपऱ्यात
स्वतःशीच पत्ते वाटत बसलेला, मेलेल्या माणसांचे,
घर नंबर, वाडी, सगळं पाठ.

दुसऱ्या ग्लासानंतर मी दाराकडे पाहिलं.
एवढ्याशा खोपटाला एवढं दार?
सागवान, हाताएवढ्या जाडीचं,
रंगाचे थर इतके की नक्षी बुडून गेलेली,
कमळ असेल किंवा गलबत.
बिजागऱ्या तीन. वरची, खालची जुनी, काळी.
मधली नवी, बाजारातली, पितळी पाण्याची.

फीत खिशातच होती.
सगळे बघत राहिले. मांजरसुद्धा.

चार फूट सात इंच.

इनास ग्लास पुसत होता, पुसतच राहिला.
"माज्या आज्यान हाडलेला. गाडयेर घालून.
ता थयसर वाळवी खाता म्हणान."
मग जरा थांबून,
"वखारीक दार नसला तरी चालता, सायबानू.
बाराक कसा चालतला?"
गिरप हसला, आणि हसता हसता खोकला,
आणि एका मेलेल्याचा पत्ता अर्धवट राहिला.

मी वही उघडली. सातवं दार, पुढे कोरी जागा.
कायद्याने काय लिहायचं ते मला तोंडपाठ आहे :
कलम, मालकी, जप्ती, पंचनामा.
पेनची टोपी काढली.
समोर तिसरा ग्लास आला, मी मागितलेला नव्हता.
लिहिलं : सातवं दार, नाही.
अक्षर जरा तिरपं आलं,
पण नऊपैकी आठांपुढेही तेच होतं.

पैसे दिले, सगळ्यांचे. तिसऱ्याचेही.
उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तेव्हा समुद्र अंधारात होता,
नुसता आवाज.
मागून इनास म्हणाला,
"जरा ओढून घेवा, वारो येता."
ओढलं.
वरची बोलली नाही, खालची बोलली नाही.
मधली, नवी, तेवढी कुरकुरली.